परसातला फणस पहिल्यांदाच धरला, पण कुयऱ्या काळ्या पडून गळताहेत. औषध मारू का?

ओसरी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीत घराच्या मागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं फणस आहे. माझ्या माहेरच्या (आजरा तालुका) झाडाची आठळी सासऱ्यांनी लावली होती, धाकटा झाला त्या वर्षी. तो आता चौथीत आहे. यंदा थंडीत पहिल्यांदाच झाडावर बोटाएवढ्या कुयऱ्या दिसल्या. नंतर एकेक पिवळी पडायला लागली, मग काळी, त्यावर उंदराच्या रंगाची लव येते आणि टपकन खाली. रोज सकाळी झाडलं की सुपलीभर निघतात.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. शेजारचे काका म्हणतात झाड वांझ आहे, तोडून टाका, नाहीतर मुळं घराच्या पायात शिरतील. औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदारानं काही न विचारता बुरशीनाशकाचा पुडा दिला आणि वर एक 'फळधारणा टॉनिक'. अजून दोन्ही फोडलेलं नाही. मारू का? अनुभवी लोकांनी सांगा.

कांदालसूण
पुडा फोडू नका, पावती जपून ठेवा. आणि फोटो टाका. फोटोशिवाय सल्ला देणं म्हणजे फोनवर नाडी बघणं.

गगनगिरीचा_शेजारी
अभिनंदन ताई. तुमचं झाड वांझ नाही, आजारी नाही, दृष्टही लागलेली नाही. जे गळतंय ते फळ नाहीच, फणसाचा नर आहे.

फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी असे दोन वेगळे फुलोरे येतात. दोन्ही लांबून कुयरीसारखेच दिसतात, त्यामुळं दरवर्षी कुणीतरी 'गळ लागली' म्हणून हैराण होतं. नर फुलोरा बारीक असतो, करंगळीपासून अंगठ्याएवढा, अंगानं बराच गुळगुळीत. फांद्यांच्या शेंड्याकडं पानांच्या बेचक्यात जास्त येतो, पण खोडावरही येतो, म्हणून नुसत्या जागेवरून ओळखायला जाऊ नका. थोडे दिवस तो फुलतो, अंगावर पिवळसर पिठूळ पराग दिसतो, जवळ नाक नेलं तर गोडसर वास येतो. काम संपलं की काळा पडतो, बुरशी चढते, गळतो. त्याचं आयुष्यच तेवढं.

मादी जाड असते. बहुतेक खोडातून किंवा जुन्या जाड फांदीतून आखूड देठावर येते. देठ नराच्या देठापेक्षा ठळक जाड, आणि जिथं देठ कुयरीला मिळतो तिथं हिरवी कड असते, अंगठी घातल्यासारखी. बोट फिरवलं तर खरखरीत लागते. ही खूण एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही.

आता मुद्द्याचं. आठळीपासून वाढलेलं झाड साधारण सातव्या-आठव्या वर्षानंतर फुलायला लागतं आणि पहिल्या बहाराला बऱ्याचदा नुसते नरच येतात, किंवा मादी अगदी एखाददुसरी. पुढच्या वर्षी माद्या वाढतात. आमच्या रानात गगनबावड्याच्या अंगाला असली झाडं ढीगभर आहेत. कुणी औषध मारत नाही.

खाली पडलेली सुपली दोन चार दिवसांनी गोळा करून कंपोस्टात टाका, बस्स.

नाद_खुळा_४१६
म्हणजे सगळा गोंधळ पुरुषमंडळींचा होता. फुलले, मिरवले, काळे पडून खाली. घरोघरी हेच की 😄

वाडीरत्नागिरी
@नाद_खुळा_४१६ स्वतःबद्दल सार्वजनिक ठिकाणी इतकं बोलू नये भावा.

पंचगंगाकाठ
नर-मादी सगळं बरोबर असेल, पण जुन्या माणसांचा उपाय करून बघायला काय हरकत आहे? आमच्या आज्जीनं न धरणाऱ्या फणसाच्या खोडात लोखंडी खिळा ठोकला होता, पुढच्या वर्षी पंधरा फणस. काही जण अमावस्येला झाडूनं झाडाला बदडतात, "धरतोस का तोडू?" असं विचारतात. दुसरा माणूस झाडाच्या वतीनं "धरतो, धरतो" म्हणतो. आमच्याकडं ते दुसऱ्या माणसाचं काम माझ्याकडं असायचं.

गगनगिरीचा_शेजारी
पंधरा फणस खिळ्यानं नाही धरले, वयानं धरले. खिळा ठोकायची वेळ येते तेव्हा झाड सात-आठ वर्षांचं झालेलंच असतं, म्हणून श्रेय खिळ्याला जातं. उलट खोडाला जखम झाली की तिथून चीक वाहतो, भुंगा आणि कुज आत शिरायला वाट मिळते. झाडूचं मात्र काही वाईट नाही, झाडाला लागत नाही आणि पोरांना मजा.

बोर्डो_मास्तर
थांबा जरा. मी कृषी शिक्षणातला, निवृत्त. गगनगिरीचे शेजारी म्हणतात ते नव्वद टक्के खरं, पण 'काळं पडलं म्हणजे नरच' असं समजून लोक बिनधास्त होतात आणि मग खरी कुयरीही हातची जाते. नरावर चढते तीच बुरशी, रायझोपस नावाची, कोवळ्या मादी कुयरीवरही जाऊ शकते. हवा दमट असेल, दाट फांद्यांत वारा खेळत नसेल, सडके नर तिथंच कुयरीला चिकटून राहिले असतील तर हमखास. बुरशी देठाकडून आत जाते, कुयरी मऊ पडते, पांढरी मग काळी लव येते.

दुसरं कारण अळी. कोवळ्या फळाला किंवा शेंड्याला बारीक भोक आणि भोकाच्या तोंडाशी भुशासारखी विष्ठा दिसली तर ती फळ पोखरणारी अळी. तसलं फळ काढून नष्ट करायचं, झाडाखाली टाकून द्यायचं नाही.

म्हणून ओसरीताई, गळलेलं एक चाकूनं उभं कापून बघा. आत बारीक दांडा आणि भोवती सगळं एकसारखं असेल, बी धरायची काही चिन्हं नसतील, तर नर. देठ बघा, जाड की बारीक. भोक बघा. मगच औषधाचा विचार.

आणि मारायचंच ठरलं, म्हणजे मादी कुयऱ्या सडताना दिसल्या तर, एक टक्का बोर्डो मिश्रण पुरतं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. घरच्या एका झाडाला दहा लिटरची बादली बनवा, शंभर शंभर ग्रॅम. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडाच्या नको. चुना वेगळा विरघळवा, मग एकत्र करा. त्यात घासलेलं विळ्याचं पातं क्षणभर बुडवून बघायचं, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. ताजं बनवायचं, त्याच दिवशी संपवायचं. पण फुलोऱ्यावर सरसकट फवारू नका.

कांदालसूण
मास्तर, विळ्याच्या पात्याची परीक्षा आमच्या द्राक्षवाल्या मेहुण्यांनी शिकवलेली. तासगावला गेलं की पाहुणचाराआधी बोर्डो दाखवतात.

सूक्ष्मदर्शी
फुलोऱ्यावर फवारू नका, याला अजून एक कारण आहे. फणसाचं परागीभवन कसं होतं यावर बराच काळ 'वाऱ्यानं' एवढंच म्हटलं जायचं. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या झाडांवरच्या अभ्यासात चिलटासारखा एक अगदी बारीक कीटक हे काम करताना सापडला, आणि तो विज्ञानाला नवाच होता. गंमत म्हणजे तो वाढतो कुठं, तर गळून पडलेल्या, बुरशी आलेल्या नर फुलोऱ्यांतच. म्हणजे ओसरीताई रोज सकाळी सुपलीत जे भरताहेत ते काहींचं घर आहे. आपल्याकडं हेच काम नेमके कोणते कीटक करतात ते वेगळं, पण सगळं सडकं उचलून अंगण आरशासारखं करायची घाई करू नका, थोडं कोपऱ्यात राहू द्या.

आणखी एक: आपण एक फणस म्हणतो तो शेकडो मादी फुलांचा जुडगा असतो. प्रत्येक गरा म्हणजे एका फुलाचा भाग. ज्या फुलाला पराग मिळाला त्याचा गरा भरतो, आठळी धरते. ज्याला मिळाला नाही त्याचे ते चपटे दोरे होतात, जे आपण गरे काढताना बाजूला टाकतो. वाकडा, एका अंगानं बसलेला फणस दिसला की समजायचं, त्या अंगाला पराग पोचलाच नव्हता.

बोर्डो_मास्तर
@सूक्ष्मदर्शी कोपऱ्यात राहू द्या, पण झाडापासून लांबच्या कोपऱ्यात. तुमच्या चिलटांना चालायचा व्यायाम होईल.

सूक्ष्मदर्शी
मान्य. तह.

नागाळ्यातला_जुना
आमचाही फणस होता. २०१९ च्या ऑगस्टात पाणी अंगणात आलं ते बरेच दिवस उतरलंच नाही. आंब्यानं तग धरला, नारळानं धरला. फणसाची पानं मात्र पाणी ओसरल्यावर पिवळी पडायला लागली आणि दिवाळीपर्यंत झाड उभ्या उभ्या वाळलं. तेव्हा कळलं की फणसाला पाऊस हवा, पण बुडाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. म्हणून तर तो घाटाच्या उतारावर जोमात असतो आणि नदीकाठच्या काळ्या रानात रडतो. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पण तोवर गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ओसरी, तुमच्या झाडाभोवती आळं खोल केलेलं असेल तर पावसाळ्याआधी भरून घ्या. बुंध्याला मातीची भर द्या, पाणी बाहेर वाहिलं पाहिजे.

ओसरी
सगळ्यांचे आभार! सासूबाईंना वाचून दाखवलं. 'नर गळताहेत' ऐकून त्यांनी सासऱ्यांच्या फोटोकडं असं काही बघितलं की आम्ही सगळे हसत सुटलो. आळं खरंच खोल आहे, उन्हाळ्यात भरून घेते.

आणि मुळांचं काय? काका रोज भिंतीवरून विचारतात.

वाडीरत्नागिरी
झाड भिंतीपासून किती लांब आहे? बागायतीत फणसाला दोन झाडांत दहा मीटर तरी सोडतात. यावरून वाढ किती होते ते समजा.

ओसरी
घरापासून साधारण वीस फूट. काकांच्या कंपाउंडपासून कमी, सातेक फूट.

वाडीरत्नागिरी
वीस फुटांवर घराच्या पायाला काळजी वाटत नाही. कंपाउंडची भिंत हलकी असते, तिकडं लक्ष ठेवा. काकांच्या बाजूच्या फांद्या पावसाळा संपल्यावर हलक्या करून घ्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. आणि 'तोडा' म्हणणाऱ्यांना सांगा, महापालिका हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. सरळ करवत लावता येत नाही.

नाद_खुळा_४१६
कायदा राहू द्या. काकांना सांगा, तुमच्या बाजूला लागलेला पहिला फणस तुमचा. भिंतच काय, स्वतः झाडाला टेकू देतील.

आठळी_आमटी
मला वेगळंच पडलंय. कापा (कडक गऱ्यांचा) निघणार का बरका (मऊ गऱ्यांचा)? 😋

गगनगिरीचा_शेजारी
फळ फोडल्याशिवाय सांगता येत नाही. आजऱ्याच्या आईझाडाचे गरे कडक असले तरी पोर मऊ निघू शकतं, कारण पराग कुठल्या झाडाचा आला ते कुणी बघितलंय? ज्यांना कापाच हवा त्यांनी कलम लावावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा जात आहे, कलम लवकर धरतं.

मालवणी_सून_कोल्हापुरात
कापा कापा करणाऱ्यांनी कधी सांदणं खाल्लीत का? बरक्याचा रस काढायचा, तांदळाचा रवा, गूळ, ओला नारळ, हळदीच्या पानावर वाफवायचं. कडक गरे तोंडात कुरुमकुरुम करण्यापुरते. बरका आंबट तोंडानं नाकारणारं माझं सासर आता फणसपोळीसाठी भांडतं. इथं कोल्हापुरात मंडईत बरका आणतच नाहीत, मला गगनबावड्याच्या रस्त्याला उभ्या असलेल्या मामांकडून मागवावा लागतो.

कांदालसूण
बरका गिळताना घसरतो आणि घशात अडकल्यासारखं वाटतं, हे कुणी बोलत नाही. आपण कापावाले.

मालवणी_सून_कोल्हापुरात
घसरतो म्हणजे पिकलाय. तुम्ही चिकन-मटण सोडून काही चावायचं शिकलाच नाहीत, दोष फणसाचा.

पंचगंगाकाठ
झालं, कोकण विरुद्ध घाट सुरू. वटपौर्णिमेला वाणात गरा लागतो, तेव्हा कापा-बरका कुणी विचारत नाही. मंडईत दर दुप्पट असतो तेवढं कळतं.

चंदगडी
ओसरीताई, माहेर आजऱ्याचं म्हणजे हत्तीचा विषय माहीत असेलच. आमच्याकडं फणस पिकायला लागला की पहिला वास त्यालाच येतो. झाडाला नुसती पाठ घासतो आणि पिकलेले खाली. तुमच्याकडं फुलेवाडीत तो त्रास नाही, नशीब समजा. आमच्याकडं कापा का बरका हे हत्ती ठरवतो.

ओसरी
@चंदगडी माहीत आहे हो. आमच्या भावानं एक रात्र छपरावर काढली आहे.

ओसरी
धागा वर काढते, कारण सांगण्यासारखं आहे. मास्तरांनी सांगितलं तसं गळलेले कापून बघितले, सगळे बारीक देठाचे, भोक कुठंही नाही. मग शिडी लावून खोड चाचपलं, तर मागच्या बाजूला, काकांच्या भिंतीकडं तोंड करून, मुठीएवढ्या चार कुयऱ्या! देठ जाड, कड आहे, अंग खरखरीत. पानाआड असल्यानं आमच्याकडून दिसतच नव्हत्या, काकांना मात्र रोज दिसत असणार. विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं ह्या पण गळणार."

आता प्रश्न: चारपैकी तीन एकाच देठावर आहेत. तसंच ठेवू?

गगनगिरीचा_शेजारी
जगात भारी! एका देठावर तीन ठेवू नका. पहिलंच वर्ष आहे, झाडाला झेपू द्या. त्या तिघींतली सगळ्यात सरळ, भरदार एक ठेवा, दोन काढा. दुसऱ्या देठावरची एकटी आहे, ती राहू दे. देठाला लागून एखादा काळा नर चिकटला असेल तर हातानं हळूच काढा.

सूक्ष्मदर्शी
काढायच्या आधी बघा, कुयरीच्या अंगावर पांढरट बारीक केसांसारखं काही उभं आहे का. असेल तर अजून पराग घेण्याच्या अवस्थेत आहे. झाडावर एखादा पिठूळ नर शिल्लक असेल तर तोडून त्यावर सगळीकडून हलकेच घासा. परसात एकटंच झाड असलं की याचा उपयोग होतो, गरे सगळ्या अंगानं भरतात. मुठीएवढी झाली म्हणजे वेळ बहुतेक टळून गेली असेल, तरी बघायला काय जातंय.

बोर्डो_मास्तर
छान. आणि ते टॉनिक परत करा. पहिल्यांदा धरलेल्या झाडाला आत्ता युरिया किंवा तसलं काही देऊ नका, नुसती पालवी माजेल. कुजलेलं शेणखत पावसाळ्याच्या तोंडाला द्या. आता आठवड्यातून एकदा पाणी, ओल राहील एवढंच.

ओसरी
टॉनिक परत घेत नाहीत, पुडा बदलून देतो म्हणाले. मी गांडूळखताची पिशवी घेतली.

आठळी_आमटी
आणि त्या काढलेल्या दोन कुयऱ्या?? फेकल्या असतील तर मी हा समूह सोडते.

मालवणी_सून_कोल्हापुरात
फेकू नका! मुठीएवढी कुयरी भाजीला एकदम कोवळी. हाताला आणि विळीला गोडंतेल लावून मग कापा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. काटेरी साल काढा, मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात टाका, कुकरला दोन शिट्ट्या. मग हातानं कुस्करून, मोहरी-हिंगाची फोडणी, सुक्या मिरच्या, ओलं खोबरं, थोडा गूळ.

कांदालसूण
गूळ?? फणसाच्या भाजीत? कांदा परता, कांदा-लसूण मसाला दोन चमचे, वर तर्री येऊ दे. भाकरीबरोबर. काकांना पण एक वाटी द्या.

मालवणी_सून_कोल्हापुरात
दोन कुयऱ्या आहेत ना? एक माझ्या पद्धतीनं करा, एक यांच्या. निकाल इथं लिहा.

ओसरी
करते रविवारी. तेल कुठलं चालेल, शेंगदाण्याचं का खोबरेल?

मालवणी_सून_कोल्हापुरात
हाताला खोबरेल. फोडणीला घरात असेल ते.